सेवेला जायचे, पण ओझे व्हायचे नाही

डिसेंबरात नाताळची सुट्टी जवळ आली की माझ्या लालबागच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. आजारी त्यांतले कोणीच नसते. पाठीला सॅक, हातात कॉलेजचा छापील कागद आणि तोंडात एकच वाक्य, "डॉक्टर, फक्त सही-शिक्का हवा, उद्या शेवटची तारीख आहे." कागद असतो राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एनएसएसच्या, निवासी शिबिराचा. मुलगा किंवा मुलगी शिबिराला जाण्यास प्रकृतीने योग्य आहे, असे आम्ही त्यावर लिहून द्यायचे असते. सही मी देतो, पण पाच मिनिटे समोर बसवून घेतल्याशिवाय देत नाही. त्या पाच मिनिटांत जे सांगतो तेच आज या सदरात जरा विस्ताराने सांगणार आहे. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना याचा दुहेरी उपयोग आहे. तुमच्यापैकी काहींची मुले मुंबई-पुण्याला शिकतात आणि अशा शिबिरांना जातात. आणि अनेकांच्या गावात शहरातल्या कॉलेजांची शिबिरे भरतात, म्हणजे तुम्ही यजमान असता.

ही शिबिरे आली कोठून?

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्र सरकारने ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थी घेऊन ही योजना सुरू केली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजासाठी काम करायचे आणि दत्तक घेतलेल्या गावात एक सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, असा तिचा साचा आहे. मुंबईत गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सनपासून दादरच्या कीर्ती आणि परळच्या महर्षी दयानंद कॉलेजापर्यंत एनएसएस हे नाव विद्यार्थ्यांना चांगले परिचयाचे आहे. त्याच सुमारास, १९६७ पासून, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीही दरवर्षी मे महिन्यात भरते आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुले तेथे जातात.

परीक्षेत जादा गुण मिळतात म्हणून जाणारी मुले असतात, मित्र चालले म्हणून जाणारीही असतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने सात दिवस कुदळ धरली, विहिरीचे पाणी शेंदले आणि पंगतीत वाढप केले, तर त्याचे काही वाईट होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपण ज्याच्या दारी सेवेला जातो त्याच्यावर आपले ओझे पडू नये. आणि याची सुरुवात स्वतःच्या प्रकृतीपासून होते.

एक मुलगा आजारी पडला तर

चाळीस-पन्नास मुलांच्या शिबिरात एकाला रात्री जुलाब सुरू झाले तर काय होते ते पाहा. दोन मित्र उशाशी बसतात. कार्यक्रम अधिकारी म्हणून आलेले प्राध्यापक गावातली जीप शोधतात. जीपवाला झोपेतून उठतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि नर्सबाईंना धावपळ करावी लागते. सकाळी शेजारच्या घरातली बाई मऊ भात करून आणते. म्हणजे गावाची सेवा करायला आलेल्याचीच सेवा गावाला करावी लागते. यातले बरेचसे टाळता येते.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस

पहिली गोष्ट, जुना आजार लपवू नका. दमा, फेफरे, मधुमेह, हृदयाची झडप, औषधाची ॲलर्जी यांपैकी काहीही असेल तर ते कागदावर लिहा आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना तोंडीही सांगा. "सांगितले तर नेणार नाहीत" या भीतीने मुले आणि कधी कधी आई-वडीलही गप्प राहतात. दम्याचा मुलगा शिबिराला खुशाल जाऊ शकतो. मात्र त्याचा पंप सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात हवा. फेफऱ्याच्या गोळ्या दहा दिवसांच्या पुरतील एवढ्या न्याव्यात आणि जागरण टाळावे. शेकोटीच्या गप्पा एक दिवस चुकल्या तरी चालतात, रात्रीची गोळी चुकून चालत नाही.

दुसरी गोष्ट धनुर्वाताची. कुदळ-फावडे, गंजलेला पत्रा आणि शेणमातीची जमीन यांचा संबंध येणार असतो. धनुर्वात आणि घटसर्प यांवरची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात. ती घेतलेली असेल तर प्रत्येक खरचटण्याला नवे इंजेक्शन घ्यायची गरज नसते. "दर सहा महिन्यांनी टीटी" हा आपल्याकडचा गैरसमज आहे. पण सोळाव्या वर्षीची लस राहून गेली असेल तर ती शिबिराआधी घ्यावी. विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, आणि कावीळ 'अ' ची लस बाजारात मिळते. परवडत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. परवडत नसेल तर पाण्याची काळजी अधिक घ्यावी.

पाणी, ऊन आणि मुलींचा एक प्रश्न

गावातल्या माणसांना त्यांच्या विहिरीची सवय झालेली असते, पाहुण्यांना ती नसते. म्हणून शिबिराच्या स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचे पिंप वेगळे असावे. पाणी उकळून घेणे उत्तम. ते जमत नसेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. पिंपात पेला बुडवू नये, लांब दांड्याचे वगराळे ठेवावे. जेवण्यापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे ही दोन कामे नीट केली तर शिबिराचे निम्मे आजार टळतात. जुलाब झालेच तर ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचा हात सैल सोडू नये.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात जाणाऱ्यांनी श्रमदान पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे. मुंबईच्या मुलाला घामाची सवय असते, पण ४४-४५ अंशांच्या कोरड्या उन्हाची नसते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, लिंबू-मिठाचे सरबत घेत राहावे. कोणी असंबद्ध बडबडू लागला, अंग तापलेल्या तव्यासारखे लागले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन, अंगावर पाणी मारून, वारा घालत ताबडतोब दवाखान्यात न्यावे. साध्या तापाच्या गोळीने तो उतरत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मी आईसमोर स्पष्ट सांगतो. शिबिराच्या जागी शौचालयाची सोय अपुरी असली की मुली पाणीच कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. परतल्यावर लघवीला जळजळ, ताप आणि कंबरदुखी घेऊन दवाखान्यात येतात. हा सोयीचा प्रश्न आहे, लाजेचा नव्हे. मुलींसाठी कडी लागणारे शौचालय, रात्री तेथपर्यंत उजेड आणि वापरलेले पॅड टाकण्याची व्यवस्था, या तीन गोष्टी आहेत की नाहीत हे कार्यक्रम अधिकाऱ्यांनी शिबिराची जागा ठरवतानाच पाहिले पाहिजे.

साप, विंचू आणि चिखल

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव सर्पविषावरच्या औषधाशी अनेक वर्षे जोडलेले आहे. १८९९ साली परळला आलेली ही प्लेगची प्रयोगशाळा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आज उपलब्ध आहे. पण ते वेळेवर मिळाले तरच उपयोग. म्हणून शिबिर भरण्यापूर्वी जवळच्या आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ते आहे का, याची चौकशी करून ठेवावी. साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, ब्लेडने चिरू नये, तोंडाने विष ओढू नये. अंगठी-कडे काढून टाकावे, चावलेला अवयव फळीला बांधतो तसा स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये.

विंचवाचे औषध वेगळे आहे. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध जीव वाचवते हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर नुसते दुखत असेल तर घाबरायचे कारण नाही. पण दरदरून घाम, उलटी, हात-पाय गार पडणे, धाप लागणे असे काही झाले तर तासभरही थांबू नये. रात्री बूट झटकून घालणे, अंथरूण झाडून घेणे आणि बॅटरीशिवाय बाहेर न पडणे एवढे केले तरी बराचसा धोका टळतो.

पुराच्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा घराघरांतला चिखल उपसायला बाहेरगावचे अनेक तरुण धावले. लालबाग-परळची निम्मी नाळ कोकणात, त्यामुळे आमच्याकडचेही कितीतरी गेले. अशा चिखलात उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोचे जंतू असतात. पायाला भेग किंवा जखम असेल तर ते तेथून शरीरात शिरतात. गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत. प्रतिबंधक गोळी कोणी आणि किती घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आजार घरी येतो

शिबिरातला आजार बहुधा शिबिरात दिसत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असते. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. मलेरिया आठ-दहा दिवसांच्या आत सहसा येत नाही, आणि कधी कधी महिन्यांनंतरही येतो. दूषित पाण्याची कावीळ तर दोन ते सात आठवडे घेते. तोवर मुलगा शिबिर विसरलेला असतो आणि आई डॉक्टरांना सांगते, "परवा बाहेर वडापाव खाल्ला होता." गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागातून आलेल्या मुलाचा ताप मुंबईतला साधा ताप समजून दोन दिवस काढणे जिवावर बेतू शकते. म्हणून परतल्यावर दोन महिन्यांत ताप, कावीळ, जुलाब काहीही झाले तरी डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा, "मी अमुक जिल्ह्यात शिबिराला गेलो होतो."

कोणते काम करावे, कोणते करू नये

आता गावाच्या प्रकृतीविषयी. शिबिरात 'आरोग्य तपासणी' हा कार्यक्रम हमखास असतो. डॉक्टरांनी तपासावे, विद्यार्थ्यांनी रांग लावावी, नावे लिहावीत, वजन-उंची घ्यावी, हे ठीक. पण शहरात गोळा केलेल्या उरलेल्या औषधांच्या पिशव्या गावात वाटणे हे सेवेत बसत नाही. एखाद्या आजीला सात दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या देऊन आपण निघून गेलो, तर आठव्या दिवशी ती काय करणार? त्यापेक्षा तिचे नाव उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे किंवा आशाताईंकडे नोंदवून दिले तर बारा महिन्यांची सोय होते.

काम कोणते हे गावाला विचारून ठरवावे. शिबिरार्थींनी बांधलेला बंधारा पुढच्या पावसात वाहून गेला तर तो पुन्हा बांधणार कोण, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. परदेशांत श्रीमंत देशांतली मुले पैसे भरून गरीब देशांत 'सेवा-सहली'ला जातात. कंबोडियात अशा पाहुण्यांच्या ओघाबरोबर अनाथाश्रम वाढत गेले आणि तेथल्या बहुतेक मुलांचा एक तरी पालक हयात असल्याचे पुढे आढळले. पाहुण्यांच्या हौसेसाठी गरज तयार होऊ लागली की सेवेचा धंदा होतो.

आपल्याकडे याचा उत्तम धडा संत गाडगेबाबांनी घालून दिला आहे. गावात शिरताच ते हातात खराटा घेत. आधी गाव झाडायचे, मग भाकरी, आणि रात्री कीर्तन. कोणाला शिकवायच्या आधी स्वतः झाडत. शिबिराचे वेळापत्रक करणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. पहिल्या दिवशी भाषणे ठेवू नयेत.

गावकऱ्यांनाही दोन शब्द. पाहुण्यांसाठी गोडधोड करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा शिबिराआधी ग्रामपंचायतीला सांगून विहिरीत टीसीएल पावडर टाकून घ्या, आणि कोणत्या ओढ्याला, कोणत्या पडवीत साप-विंचू निघतात ते मुलांना पहिल्या संध्याकाळीच सांगा. हे ज्ञान तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

गाव रोज परळला येते

माझ्या मनातली मुख्य गोष्ट शेवटी ठेवली आहे. मुंबईची मुले वर्षातून सात दिवस गावाला जातात, पण गाव मात्र रोज परळला येते. १९२६ पासून केईएम आणि १९४१ पासून टाटा रुग्णालय येथे उभे आहे. लहान मुलांचे वाडिया रुग्णालयही येथेच. कोकण, मराठवाडा, विदर्भ, शिवाय उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून रुग्ण येतात. हातात फाइल, डोळ्यांत झोप नाही, राहायला जागा नाही, म्हणून फूटपाथवर आणि पुलाखाली पथाऱ्या पडलेल्या दिसतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची राहण्याची सोय होते. पण अशी धर्मशाळा आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते.

दोन-तीन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका वाडीतले गृहस्थ माझ्याकडे आले. बायकोच्या स्तनात गाठ होती. तपासणीसाठी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात तीन दिवस खेटे घालत होते. कोणत्या इमारतीत कोणती खिडकी, आधी पैसे भरायचे की आधी नंबर लावायचा, तपासणीचा अहवाल कोठून घ्यायचा, हेच त्यांना उमगत नव्हते. औषधोपचार त्या घटकेला मी काही करण्याजोगा नव्हता. त्यांना हवा होता एक वाचता-लिहिता येणारा, पायाने तरणा आणि तोंडाने गोड माणूस. माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचा एक कॉलेजकुमार त्यांच्याबरोबर गेला. दुपारपर्यंत सगळे कागद मार्गी लागले. हे काम करायला एमबीबीएस लागत नाही.

परळ-लालबागला हे नवे नाही. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. डिलाईल रोडला आज त्यांचेच नाव आहे. त्यांचे काम वस्तीतल्या वस्तीत, वर्षभर चालणारे होते. एनएसएसच्या २४० तासांतले काही तास असेच खर्च करता येतील. अर्ज भरून द्यावा, रांगेत उभे राहावे, धर्मशाळेचा पत्ता लिहून द्यावा, आजारी मुलाशी तासभर खेळावे. मात्र रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारूनच जावे. उपचाराचा सल्ला देऊ नये, रुग्णाचा फोटो काढू नये, कोणत्याही खासगी लॅबची चिठ्ठी हातात देऊ नये.

आणि रक्त. मे महिन्यात कॉलेजे बंद होतात, शिबिरे थांबतात आणि रक्तपेढ्यांत चणचण सुरू होते. थॅलेसेमियाच्या मुलाला मे महिन्याची सुट्टी नसते. वय १८ पूर्ण, वजन ४५ किलोंच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक असेल तर निरोगी मुलाला दर तीन महिन्यांनी आणि मुलीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. शिबिरात बंधारा घालणाऱ्या प्रत्येकाने मे महिन्यात एकदा रक्त दिले, तर तेही श्रमदानच आहे.

वाचकांना माझी एक व्यवहारी सूचना आहे. यंदा तुमच्या गावात शहरातल्या कॉलेजाचे शिबिर भरले, तर समारोपाला शाल-श्रीफळावर खर्च करू नका. त्याऐवजी कॉलेजाचा पत्ता आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांचा फोन नंबर, त्यांची परवानगी घेऊन, ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. गावातला रुग्ण परळला निघाला की आदल्या दिवशी तेथे फोन करा. सात दिवस तुमच्या अंगणात जेवलेली मुले त्याला रुग्णालयाच्या फाटकावर भेटली, तर तुमच्या गावात शिबिर खरोखर झाले असे मी समजेन.